बांबूआडचा कचरू

लेकीच्या पाठवणीत रडणाऱ्या बापांचं कचरूला भारी हसू यायचं. व्याही हिंमतराव सोनाळ्याला स्वतःच्या मुलीच्या लग्नात ढसाढसा रडले, तेव्हा "इवाई, टँकर फुटला का काय?" म्हणून चारचौघांत त्यांची फिरकी घेणारा हाच. लेक मंजुश्रीला निरोप देताना आपल्या डोळ्यांतून टिपूस निघणार नाही, असं त्याने अख्ख्या जानेफळला सांगून ठेवलं होतं.

लग्न पार पडलं. आता दोन्हीकडची मंडळी कचरूच्या ओसरीवर भिंतीवर लावायचा फोटो निवडायला जमली होती. फोटोग्राफर वकारने नवाच कॅमेरा आणला होता. फोटो आधी काढायचा, फोकस मागून ठरवायचा! टॅबवर ज्याच्यावर बोट टेकवावं तो लख्ख, बाकीचे धूसर.

वकारने पाठवणीचा फोटो उघडला. पुढे मंजू झकास दिसत होती. पण पार मागे, मांडवाच्या बांबूपाशी, एक गुलाबी ठिपका होता. तो कोण, हे एकट्या कचरूला ठाऊक.

"हाच पक्का कर," तो घाईने म्हणाला.

पण ऐकतो कोण! हिंमतरावांनी स्वतःच्या फेट्यावर बोट ठेवलं. मंजूची मावशी शालूबाई हिने आपल्या गळ्यातल्या नव्या पोतीवर. हिंमतरावांनी पुन्हा फेट्यावर.

"बंद कर बे वकार! चहा थंडा होऊन राह्यला," कचरू ओरडला.

"थांबा हो भाऊजी," शालूबाई म्हणाली. "माही पिशवी त्या बांबूपाशीच हरवली. पाहू द्या मले."

तिने बोट टेकवलं. बांबूला मिठी मारून, तोंड वासून, हमसून हमसून रडणारा गुलाबी सदऱ्यातला कचरू साऱ्यांसमोर लख्ख उभा राहिला. शालूबाईच्या पिशवीनेच तो डोळे पुसत होता.

ओसरी हसून लोळली. हिंमतराव तर उठून उभेच राहिले. "इवाई, तुमचं तर धरणच फुटलं!"

"धूर गेला होता डोळ्यात," कचरू पुटपुटला.

"चुली तर कवाच इझल्या होत्या," बायको सिंधूताई म्हणाली. तिला त्याची दया आली नाही.

"बरं बाप्पा, रडलो! वकार, आता पोरीवर घे तो फोकस परत. धूसर झाली ना ती."

"नाही बाबा, असाच राहू द्या," मंजू म्हणाली.

कचरूने तेव्हा कुठे फोटो नीट पाहिला. पुढे उभ्या मंजूला नाक ना डोळे, नुसता लग्नाच्या पांढऱ्या साडीचा ओलसर आकार. बांबूआडून त्या दिवशी त्याला लेक अगदी अशीच दिसली होती.

"हाच पक्का कर," तो वकारला म्हणाला. या खेपेला त्याला घाई नव्हती.