उलव्याच्या फेरीतला क्रेट

मित्रांनो, डेअरीच्या दुकानाबाहेर सकाळी एकावर एक रचलेले निळे क्रेट तुम्ही पाहिले असतील. त्यांतला सगळ्यात खालचा, एका बाजूची मूठ तुटलेला, तो मी.

माझा जन्म तळोज्याच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात गेलं, थंड झालं आणि मी डेअरीच्या गोदामात रुजू झालो. रोज टेम्पोत बसायचं आणि ऐरोलीपासून उलव्यापर्यंतच्या दुकानांत दही पोचवायचं, हे माझं काम. चमकत होतो तेव्हा कौतुक झालं. पुढे रंग उडाला आणि लोक मला लाथेने सरकवू लागले.

फक्त उलव्याच्या जयमालाताई मला ओल्या फडक्याने पुसायच्या. नवरा वारल्यावर त्यांनी डेअरीची एजन्सी घेऊन एकटीने दुकान उभं केलं होतं. त्यावरच त्यांचं घर चालायचं.

उलव्यात इमारती उंच झाल्या, पण निम्म्या घरांत अजून माणसंच नव्हती. दही उरू लागलं. उरलेला माल परत पाठवायची सोय होती. पण माल परत गेला तर डेअरी दुकान काढून घेईल, ही भीती ताईंच्या मनात घर करून बसली. म्हणून उरलेली पाकिटंही त्या बिलाच्या यंत्रावर विकली गेल्याचं दाखवायच्या. मग शेजारीपाजारी वाटायच्या आणि स्वतः रोज कढी खायच्या.

कुठल्या दुकानाला किती माल धाडायचा, ते गोदामातला निशांत संगणकात त्या यंत्रांचे विक्रीचे आकडे बघून ठरवायचा. "उलव्याला एक पाकीट उरत नाही यार! ऐरोलीचं थोडं काढून तिकडे टाक," तो खुशीत म्हणायचा. ऐरोलीची गिऱ्हाइकं दह्यावाचून परत जायची आणि मी उलव्याला आणखी ठासून भरलेला पोचायचो. मला पाहून ताईंचा चेहरा पडायचा. मित्रांनो, दोन्हीकडचं पाहणारा मी एकटाच, आणि मला तोंड नाही! किती तळमळलो म्हणून सांगू?

शेवटी फ्रीज इतका गच्च भरला की आत गार हवा फिरायला जागाच उरली नाही. मागचं दही आंबलं आणि ताईंना कळायच्या आत लोकांच्या घरी गेलं. लोक भांडून गेले, मग यायचेच बंद झाले. ताईंनी दुकान सोडलं.

सामान न्यायला निशांत आला. फ्रीज उघडून तो जागीच थबकला.

"ताई, एवढा माल पडलाय? एक फोन करायचा ना!"

"फोन केला असता तर दुकान काढून घेतलं असतं तुमी."

"कोण बोललं असं? माल कमी पाठवला असता, बस!"

ताई पदर तोंडाला लावून रडल्या. "मी पण कधी येऊन बघितलं नाही," निशांत पुटपुटला. पण आता उशीर झाला होता.

आज ताई ऐरोलीच्या दुकानात दुसऱ्याच्या हाताखाली काम करतात. काल मालक शहाजीरावांनी सहज विचारलं, "जयमालाबाई, दही किती उरलं?"

मागे फ्रीजमध्ये पाकिटं होती. तरी ताई दचकून म्हणाल्या, "काय नाय ओ, सगळं खपलं."

मित्रांनो, तुमच्या आसपास असं कुणी असेल, तर त्यांना पुन्हा एकदा विचारा. जरा मायेने विचारा.