काकूचे कान

काकू म्हणजे माकडीण, हे आधीच सांगितलेलं बरं. मार्मोसेट जातीची, ओंजळीत मावेल एवढी, कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके आणि चेहऱ्यावर सदा तक्रार, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला काकू म्हणत. तिचा जोडीदार अर्थातच काका. या जातीची माकडं एकमेकांच्या नजरेआड झाली की हाक मारतात. ऐकणारं माकड मध्येच तोंड घालत नाही. ते हाक पुरी होऊ देतं, जरा थांबतं आणि मग ओ देतं. एवढी शिस्त माणसांच्या बैठकीत औषधालाही सापडायची नाही. हाक ऐकताना आणि ओ देताना माकडाच्या मेंदूत काय चालतं, हे शोधण्यात शास्त्रज्ञबाईंची निम्मी हयात गेली होती.

बाईंचा नवरा ऑफिसात बसल्या जागी गेला. आठवड्याभरात बाई कामावर हजर. त्या रडल्या नाहीत. लोक तोंडावर म्हणाले खंबीर, पाठीमागे म्हणाले दगड. दोन्ही खोटं होतं. बाईंना काही होतच नव्हतं. चहा फार गरम आहे हे जीभ भाजल्यावर कळायचं, आणि कळूनही त्या पुढचा घोट घ्यायच्या. घरी आता त्या आणि सासूबाई, दोघीच. सासूबाई काही विचारायच्या आणि बाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहायच्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका गेला. काकूच्या डोक्यात मेंदूचे संदेश टिपणाऱ्या बारीक तारा बसवलेल्या होत्या, तिथली जखमही तेव्हाच चिघळली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन तिला वाचवलं. पण बरी झालेली काकू कुणाच्या हाकेला ओ देईना. स्वतः मात्र वेळी-अवेळी, कुणाचं बोलणं तोडून, मोठमोठ्याने हाका मारायची. बाईंनी तिला दुसऱ्या माकडांच्या हाका ऐकवल्या. पूर्वी हाक आली की यंत्रावर ज्या पेशी तडतडायच्या, त्या आता ढिम्म हलेनात.

बाईंनी निष्कर्ष काढला, की दुःखाने मेंदू हाकांना दार लावून घेतो. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. त्यांनी लेख लिहिला, नावाजलेल्या नियतकालिकाने तो स्वीकारला आणि परिषदेचं बोलावणं आलं. घरी येऊन त्यांनी सासूबाईंनाही समजावून सांगितलं, की आपलंही तसंच झालंय.

"म्हणजे तू हे मुद्दाम करत नाहीस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मी बोलते ते पोचतच नाही तुझ्यापर्यंत?"

"कानापर्यंत पोचतं. आत नाही."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. सून दुष्ट नाही, आजारी आहे, एवढं त्यांना पुरलं. त्या दिवसापासून त्यांनी सुनेला काही विचारणं सोडलं. मुलाच्या रिकाम्या खुर्चीशी मात्र बोलू लागल्या, त्याला रागावू लागल्या, रडू लागल्या, तेही सून समोर बसलेली असताना. भिंतीची कसली आली लाज!

लेख छापायला जायच्या बेतात होता, तेव्हा बाईंच्या हातून खाण्याचा स्टीलचा ट्रे निसटला. फरशीवर असा दणका झाला, की खोलीतली सगळी माकडं जाळीला जाऊन चिकटली. काकू मात्र ट्रेकडे पाठ करून डिंक चाटत बसली होती. तिने मानही वळवली नाही.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी ट्रे उचलला आणि काकूच्या मागे उभं राहून मुद्दाम पुन्हा पाडला. काकू डिंकच चाटत होती.

दुपारी त्यांनी काकूच्या कानांची तपासणी केली. कानात टिकटिक वाजवली तर यंत्राच्या पडद्यावर सरळ रेघ. आवाज कितीही वाढवला तरी रेघ सरळच. काकू ठार बहिरी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मेंदूतली एकेक पेशी धुंडाळली आणि कानाकडे बघितलं नाही. एरवी हाकांसोबत अशी साधी टिकटिकही ऐकवून बघतात. ती या वेळी बाईंनीच गाळली होती. जोडीदार गेलाय, बिचारीला जास्त त्रास नको, म्हणून.

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "ते इंजेक्शन कानांवर जाऊ शकतं, हे मी तेव्हाच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत."

हलवली असेल. त्या दिवसांत त्या सगळ्यालाच मान हलवत होत्या.

"लेख छापून जाऊ दे की," बाजूच्या खोलीतला सहकारी हळूच म्हणाला. "काकू काय साक्ष द्यायला येणार आहे?"

बाईंनी खुर्चीत बसून संपादकांना ईमेल लिहिलं. निष्कर्ष चुकीचा आहे, लेख मागे घेते. ते लगेच पाठवूनही दिलं. लेखाचं काही नव्हतं. भीती वाटत होती ती घरी जायची.

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होत्या. बाई समोर बसल्या.

"आई, माझं संशोधन चुकलं. ती माकडीण बहिरी झाली होती. औषधाने. दुःखाबिःखाचा काही संबंध नव्हता."

"अगं बाई! बिचारी." सासूबाईंनी आणखी एक शेंग सोलली. मग त्यांचे हात थांबले. "आणि तुझं काय?"

"माझे कान चांगले आहेत."

"ते माहितीय. आत पोचत नाही म्हणाली होतीस ना?"

"पोचत होतं, आई. वाटत काही नव्हतं, पण पोचत होतं सगळं."

सासूबाईंनी खुर्चीकडे बघितलं आणि मग सुनेकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी त्याला म्हणाले होते... तुझ्याऐवजी ही का नाही गेली, म्हणून."

"हो."

"तेही ऐकलंस?"

"रोज म्हणायचात, आई."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मग बोलली का नाहीस गं? एकदा तरी म्हणायचंस, गप्प बसा म्हणून! भांडायचंस माझ्याशी!"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची सवयच होती त्यांना.

"मला पटत होतं," त्या म्हणाल्या.

सासूबाई ताडकन उठल्या. मटार टेबलभर घरंगळले. त्यांनी सुनेचं डोकं ओढून पोटाशी घट्ट धरलं आणि मोठ्याने रडू लागल्या. बाईंना कपड्यांच्या साबणाचा वास आला, नाक दाबलं गेलं, आणि सासूबाईंच्या पोटातून येणारा हुंदका थेट कानात ऐकू आला. त्यांना स्वतःला रडू आलं नाही. दोघींच्या वाटचं सासूबाईच रडल्या.