लाँड्रीचं नाव

लाँड्रीत डाग राहिला तर लोक कुरकुरतात, बटण तुटलं तर भांडतात, पण परत येतात. एका गोष्टीला मात्र माफी नाही. एकाचा धुवायला आलेला कपडा दुसऱ्याच्या अंगावर दिसता कामा नये. गिऱ्हाइकांचेच कपडे दुसऱ्यांना मिरवायला भाड्याने देणाऱ्या लाँड्र्या असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि आपली लाँड्री त्यातली आहे अशी नुसती कुजबुज झाली तरी दुकानाला कुलूप लागतं.

म्हणून एका शनिवारी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, दातांच्या डॉक्टरांची बायको काउंटरवर हात आपटून म्हणाली, "तुम्ही आमचे कपडे भाड्याने देता!" तेव्हा सुनेच्या पायाखालची जमीन सरकली.

लग्न करून या घरात आल्यापासून काउंटर सुनेकडे होतं. मागे इस्त्रीच्या टेबलाशी सासूबाई. एका इस्त्रीवर त्यांनी हे दुकान उभं केलं होतं, मुलाला वाढवलं होतं. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणे.

"यांचा हिरवा कोट आठवडाभर तुमच्याकडे होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काल मी स्वतः येऊन नेला. आणि बुधवारी तोच कोट घालून कुणीतरी नदीकाठच्या हॉटेलात एका बाईच्या कमरेत हात घालून नाचत होता! माझ्या बहिणीने दारातून पाहिलं. कोपरावर तपकिरी चामड्याची ठिगळं मी लावून घेतलीत, मी! तसा कोट दुसरा नाही."

रांगेत कर्णा उभा होता. खरं नाव लोक विसरले होते; त्याच्या कानावर गेलेली गोष्ट चहा थंड व्हायच्या आत गावभर होई. त्याचे डोळे चमकले.

आणि सुनेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बुधवारी दुपारी डॉक्टर स्वतः आले होते. तिनेच कोट त्यांच्या हातात दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो परत आणला, "जरा पुन्हा इस्त्री फिरवा, बायको येऊन नेईल" म्हणाले. काय हौशी माणूस, असं तिला तेव्हा वाटलं होतं. हौस कसली होती ते आता कळलं. मेहुणीने कोट ओळखला, आतला पाठमोरा माणूस काही ओळखला नाही.

एक वाक्य पुरेसं होतं. सुनेने तोंड उघडलं. इतक्यात तिच्या मनगटावर सासूबाईंचा हात पडला, इस्त्रीने तापलेला.

"मी कुणाचे कपडे कुणाला देत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग कोट तिथे गेला कसा?"

"ते मी सांगणार नाही."

लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. एका बाईने आपल्या साड्या न धुताच परत मागितल्या. तिच्यामागे दुसरीने.

पुढचे दिवस सून आयुष्यात विसरणार नाही. रस्त्यावरून जाणारी माणसं दुकानापाशी आली की पलीकडच्या बाजूला बघू लागली. हॉटेलवाल्याने चादरी दुसरीकडे टाकल्या. नवरा डिलिव्हरीची गाडी रिकामीच परत आणायचा आणि "आईला विचार" एवढंच बोलून जेवायला बसायचा. शेवटी सुनेने विचारलंच.

"आई, हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं. तो माणूस मजेत लोकांचे दात उपटतोय आणि चोर आपण! त्याची एवढी काय भीड पडली तुम्हाला?"

"त्याची?" सासूबाई रिकामे हँगर एका ओळीत लावत होत्या. "त्याची मला काडीइतकी पर्वा नाही."

"मग कुणाची?"

"तिची." त्यांनी हँगर ठेवला. "भरल्या दुकानात तिने विचारलं. मी खरं बोलले असते तर माझं नाव तिथल्या तिथे वाचलं असतं गं. पण ती कुठल्या तोंडाने घरी गेली असती? कर्णा उभा होता शेजारी. स्वतःच्याच तोंडाने तिने स्वतःचं हसू करून घेतलं असतं."

"तिने आपल्याला चोर म्हटलं, आई!"

"म्हटलं. तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. ही बाई कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी वाद घालते, चहात साखर जास्त पडली तर दिवसभर ऐकवते. आणि हिनेच, सगळा जन्म घालून कमावलेलं नाव, शिव्या देणाऱ्या बाईच्या अंगावर पांघरून टाकलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याने एक दिवस मान वर करून पाहावं, तसं तिला झालं. इतके दिवस आपण हिच्याशी मिठावरून भांडत होतो, याची तिला लाज वाटली.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" तिने विचारलं.

"वाटते की. झोप कुठे लागतेय."

पुढच्या शनिवारी लोक उरलेसुरले कपडे न्यायला आले. पुन्हा रांग लागली, पण घेऊन जाणाऱ्यांची. कर्णाही होता. तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात दिसल्या. दोन्ही हातांत धुवायच्या कपड्यांचा ढीग, डोळे सुजलेले. लोकांनी आपोआप वाट दिली. त्यांनी ढीग काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांकडे तोंड केलं.

"मागच्या शनिवारी मी इथे उभी राहून मावशींवर खोटा आळ घेतला. मावशींनी कोट कुणाला भाड्याने दिला नव्हता. मला आता माहीत आहे. चूक माझी." मग सासूबाईंकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "एका वाक्यात सुटला असतात तुम्ही."

सासूबाईंची इस्त्री थांबली.

धुतलेलं नाव असं परत येताना सुनेने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते आणायला डॉक्टरीणबाई किती लांबून चालत आल्या होत्या!

"ते ठीक आहे हो," कर्णा पुढे सरकला. "पण मग कोट घातला होता कुणी?"

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं. सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती. त्या आता सांगून टाकणार, हे सुनेला स्पष्ट दिसलं.

"काका," सून मोठ्याने म्हणाली, "तुमचे शर्ट कधीचे तयार आहेत. आणि पुढच्या आठवड्याचे? इथेच टाकणार, की दुसरीकडे?"

कर्णाने सुनेकडे पाहिलं. मागे उभ्या सासूबाईंकडे पाहिलं. मग काउंटरवरच्या त्या ढिगाकडे, आणि तो घट्ट धरलेल्या डॉक्टरीणबाईंच्या हातांकडे.

"इथेच," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका हळू असू शकतो हे गल्लीला त्या दिवशी कळलं.