वाघाची घासाघीस

दर्याची आण घेऊन सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा हाय! ज्याला पटत नसेल त्यानं दातिवऱ्याला जाऊन जमनाला विचारावं. जाताना कानात कापूस घाला, कारण जमना हळू बोलली तरी खाडीपलीकडे ऐकू जातं.

तर ही जमना. चाळीस वर्षं डोक्यावर टोपली, टोपलीत सुके बोंबील. तिचा नातू प्रफुल्ल कुंभवलीला कारखान्यात लागला आणि तिथंच त्याला स्नेहा भेटली. स्नेहा मनोरच्या पलीकडची, डोंगरातल्या पाड्यावरची. दोघांचं जमलं. दोन्हीकडचे आईबाप तयार झाले. अडली ती स्नेहाची आजी, बायडी. म्हणाली, "दर्याकडची माणसं कशी असतात मला काय ठाऊक? त्यांची म्हातारी माझ्यासमोर येऊन बसू दे. मग बघू."

म्हणून जमना प्रफुल्लला घेऊन निघाली. रिक्षात त्यानं दहादा बजावलं, "आजी, तोंड आवर हां. बायडीआजी नाय म्हणाली तर स्नेहा तिच्या शब्दाबाहेर जायची नाय."

"मी काय बोलते रे?" जमना म्हणाली. रिक्षावालासुद्धा हसला.

पाड्यावर कोरा चहा झाला. बायडीनं ओट्यावर पाय पसरले आणि गोष्ट काढली. त्या घरची रीतच तशी. पाहुणा आला की आधी गोष्ट, मग कामाचं. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला "हूं" म्हणायचं, मधे दुसरा शब्द नाय. हे जमनाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"माझ्या आज्याला रानात वाघ भेटला," बायडी म्हणाली.

"हूं," घरचे म्हणाले.

"बारा हातांचा वाघ."

"बारा?" जमना फटकन बोलली. "आठ लाव."

बायडीनं मान वळवली.

"काय म्हणालीस?"

"बारा लय होतात, बाय. शेपूट धरून साडेआठ कर."

प्रफुल्लनं कपाळाला हात लावला. बायडीनं पाय आखडून घेतले. "माझ्याच ओट्यावर बसून माझ्या आज्याला खोटा पाडतेस? स्नेहा, पावण्यांना वाट दाखव."

स्नेहाचे डोळे भरले. प्रफुल्ल मान खाली घालून चपला शोधायला लागला. जमनानं त्याचं तोंड बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा तिची जीभ टाळूला चिकटली. चुकलं काय, तेच तिला कळेना. चाळीस वर्षं ती अशीच तर बोलत आली होती!

"बायडे," ती शेवटी म्हणाली, "माझ्या टोपलीवरनं रोज कितीतरी बाया जातात. ज्या गुमान पुढं जातात त्या माझ्या कोण नाय. जी बसते, वास घेते, महाग हाय म्हणून भांडते, तिलाच माल पायजे असतो. मला तुझा वाघ पायजे होता गं. नको असता तर गप बसले असते."

बायडीनं विचारलं, "म्हणजे तुमच्यात गप बसणारा वाईट?"

"लय वाईट. तुमच्यात?"

"आमच्यात मधे बोलणारा."

बायडीच्या ओठाचा कोपरा हलला. "बरं. आता तू सांग."

जमना सावरून बसली. "माझ्या सासऱ्याला एवढा मासा घावला, की त्याच्या पाठीवर बोट चढवून बंदरात आणली."

"बोट काढ," बायडी म्हणाली. "होडी लाव."

जमनाच्या अंगाचा तिळपापड झाला. सासऱ्याच्या माशाला होडी! आणि मगच तिला कळलं, मघाशी बायडीला कुठं लागलं होतं ते. तिनं राग गिळला. "होडी तर होडी. पण शिडासकट."

"शीड नको."

"वल्ही तरी ठेव!"

"ठेवली," बायडी म्हणाली, आणि वर आपणहून, "हूं."

मग जमनानं वाघ परत मागून घेतला. या खेपेला आधी "हूं" म्हणायची, मग भाव पाडायची. भाकऱ्या गार झाल्या. स्नेहाचा बाप जिवल्या दारातनं म्हणाला, "लग्नाचं काय ठरलं?"

"थांब रे!" दोघी एकदम ओरडल्या. "अजून वाघ ठरायचाय!"

ऊन उतरता उतरता वाघ साडेनऊ हातांवर ठरला. बायडीनं स्नेहाला जवळ ओढलं. "जा गं ह्यांच्या घरी. डोकं दुखेल, पण एकटी पडायची नाय."

आता आण घेतलीय, तर कबूल करते. वाघ दहा हातांवर ठरला होता. बायडी पक्की, त्याखाली उतरलीच नाय. मीपण दर्याकडचीच; अर्धा हात मी आत्ता कमी केला.