मी दारूचं निशाण नव्हे

मी एक चादर बोलतेय. जन्माने पांढरी. आता मला पांढरी म्हणाल तर आमच्या गावचे लोक हसतील, पण ते ओघाने येईलच.

माझं पहिलं घर म्हणजे मासेरू शहरातल्या दवाखान्यातली एक खाट. विरले तशी मला तेबेल्लोने उचललं. एचआयव्ही असलेल्या तरुण मुलांना गोळ्या, सल्ला आणि सोबत देणाऱ्या संस्थेत ती काम करायची. दर शनिवारी ती डोंगरातल्या हा-रापोको गावी येई आणि एका रिकाम्या झोपडीत मला अंथरी. डोक्यावरून ब्लँकेट ओढून पाच-सहा मुलं येत, दार लावून दबक्या आवाजात बोलत. गावाला वाटे, बायबलचा वर्ग आहे. मुलंही वाटू देत.

त्यांतली थाकाने नावाची मुलगी सतरा वर्षांची. हा विषाणू जन्मापासून तिच्या अंगात. हसायला लागली की झोपडी दणाणून सोडायची. माझी फार लाडकी.

एका शनिवारी माझ्यावर चहा सांडला. तेबेल्लोने मला झऱ्यावर धुतलं आणि झोपडीपुढच्या उंच खांबावर वाळत टाकलं. शहरात वाढलेली ना! ती झोपडी पूर्वी एका दारूवालीची, आणि आमच्या डोंगरात खांबावर पांढरं फडकलं की ज्वारीची दारू तयार. लाल म्हणजे मटण, हिरवं म्हणजे भाजी. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वाऱ्याने मला फुगवलं आणि मीही जरा शेफारलेच.

खाली झोपडीत थाकाने आपल्या औसीला, म्हणजे तेबेल्लोताईला, सांगत होती, "औसी, ही डबी परत घे. गोळ्या बंद केल्यात मी. मावसबहीण विचारते, कसल्या आहेत म्हणून. गावाला कळलं तर तोंड कुठे लपवू?"

तेबेल्लो काही बोलणार, तोच दार ढकललं गेलं. पुढे हातात रिकामा मग घेऊन म्हातारे मोखेथी, मागे गावातले सगळे तहानलेले.

"दार लावून एकट्याच पिताय होय गं?"

"इथे दारू नाही, न्ताते," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं बाबा म्हणत तेबेल्लो चाचरली.

"मग वर काय माझ्या सासूचा परकर टांगलाय?" सगळे खो खो हसले. "आणि दारू नाही, तर कोंडून घेऊन करता काय?"

मुलांनी माना खाली घातल्या. सगळं माझ्यामुळे झालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात थाकाने उठली.

"आम्हाला एचआयव्ही आहे, न्ताते. मला जन्मापासून. रोज गोळी घेतली तर मी तुमच्याएवढी म्हातारी होईन आणि माझ्यापासून कुणाला काही होणार नाही. पण लपवून लपवून मी थकले. ज्याला हसायचंय, त्याने हसून घ्यावं."

कुणी हसलं नाही. दोघे-तिघे पुटपुटत निघून गेले. मोखेथींनी टोपी काढली आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसले.

"माझा पोरगा या गोळ्या लपवायचा," ते म्हणाले. "मग घ्यायच्याच सोडल्या, आणि गेला तो. मी त्याला कधी विचारलंसुद्धा नाही. डबी इकडे आण, पोरी."

आपल्या मगात त्यांनी पाणी ओतलं आणि तिच्यापुढे धरलं. तेबेल्लोने होकारार्थी मान हलवली. सगळ्यांच्या देखत थाकानेने गोळी गिळली, त्यांच्याच मगातून. मी वर इतकी फडफडले, इतकी फडफडले, की वाऱ्यालाही नवल वाटलं असेल. केवढा आनंद झाला होता मला!

त्यानंतर मुलांनी मला गडद निळा रंग दिला, कारण निळ्याचा अर्थ आमच्याकडे कुणी ठरवला नव्हता. आता शनिवारी दार सताड उघडं असतं. झोपडी पुरत नाही, म्हणून निम्मी मंडळी अंगणात बसतात, आणि बैठक थाकाने चालवते. मोखेथी बिनबोलावता येतात आणि सगळ्यांना सल्ले देत बसतात.

परवा डोंगरापलीकडून एक मुलगी आली. ब्लँकेटने तोंड झाकून खांबाशी घुटमळत होती. "न्ताते, निळ्या निशाणाला काय मिळतं?"

"म्हातारपण मिळतं," मोखेथी म्हणाले. "जा आत, पोरी."

मी आता पार जुनी झालेय, उन्हाने विटलेय. फाटले तर ठिगळ लावा, रंग उडाला तर पुन्हा द्या, पण मला खाली उतरवू नका. ती मुलगी आत गेली. वाटेवर आणखी कुणी असेल.