मधली लादी

मित्रांनो, लादीवाल्याच्या धाकट्या मुलीचे लग्न झाले, त्याच वर्षी माझे नशीब उघडले. मी एक जुनी संख्या आहे, पाच हजार एक्केचाळीस. किती जुनी ते विचारू नका. मोजणारे जन्मले नव्हते तेव्हाही मी होतेच.

माझी शेजारीण पाच हजार चाळीस सगळ्यांची लाडकी. दोनापासून दहापर्यंत कोणीही तिला भागावे, बाकी शून्य. मला मात्र त्यांतल्या कोणीही भागा, एक उरतोच. तिच्या पलीकडची पाच हजार एकोणचाळीस ही मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कोणालाच दाद देत नाही. लोक मलाही तिच्याच जातीची अडेलतट्टू समजत. पण मी मूळ नव्हे, मी पूर्ण वर्ग आहे. एकाहत्तर गुणिले एकाहत्तर. तेवढे लांब जाऊन बघतो कोण?

लादीवाल्याने बघितले. संगीतशाळेच्या चौरस दालनात एकाहत्तर ओळी, ओळीत एकाहत्तर लाद्या, आणि एकही कापायची नाही, असे कबूल करून त्याने काम घेतले. माती कालवली आणि अंथरूण धरले. मग थोरल्या मुलीने कंबर कसली. तिचे हे पहिलेच काम. हिला झेपायचे नाही, असे बोलून लोक मोकळे झाले.

तिने लाद्या भाजल्या झकास. पण गाडीत माल भरणारा माणूस दहादहाच्या थप्प्याच ओळखे, म्हणून त्याचे नावच दहाजी. सुटी उरलेली लादी भट्टीच्या दाराला टेकवायची, ही त्याची जुनी रीत. तसेच त्याने केले.

दालनात थोरली चारही भिंतींकडून आत येत गेली आणि शेवटी मधोमध एका लादीचे भोक उरले. ती माती संपलेली, तसा रंग पुन्हा येणे नाही. गवंडी म्हणाला, सिमेंट ओतू, त्यावर सतरंजी टाकू. थोरली घरी आली आणि बापाच्या खाटेशी बसली.

"आबा, एक कमी पडली."

आबांच्या खाटेवरून भट्टीचे दार दिसे. ते हसले. "मग हे दार वाऱ्यानं आपटत का नाही गं?"

दहाजी कानकोंडा झाला. "मला वाटलं, उरलीय."

"उरलेली नाही रे बाबा. मधली आहे ती."

आबांना खुर्चीत बसवून दालनात नेले. खुर्चीचा एक पाय दहाजीच्याच खांद्यावर होता. थोरलीने लादी धुतली, भोकावर ठेवली आणि तळहाताने एकदाच ठोकली. सुरीचे पाते जाईल एवढीही फट राहिली नाही. तेव्हा ते दालन टाळ्यांनी असे दुमदुमले, की गाणे शिकवणाऱ्या बाईसुद्धा शिट्टी वाजवून गेल्या.

शेजारणीला हे कधीच साधणार नाही, मित्रांनो. ती समसमान वाटली जाते, म्हणून तिला मधले असे कोणी नाही. मला आहे. तेव्हा वाटणी करताना एक उरला, तर त्याला दाराशी टेकवू नका. आधी त्याची जागा शोधा.

त्या फरशीवर आजही मुले गातात. लादीवाला पुढच्या वर्षी, धाकटीला मुलगी झाली त्याच महिन्यात वारला.