न मागितलेली निवृत्ती

मुलांच्या बालवीर पथकात त्या सुताराला सगळे गाठीकाका म्हणत. सव्वीस वर्षं दर रविवारी दुकान बंद ठेवून तो मैदानावर जायचा आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांना निरगाठ, सुरगाठ, ओल्या लाकडांचा जाळ, ढगाळ दिवशी दिशा ओळखणं असं सगळं शिकवायचा. "चाकू स्वतःकडे ओढायचा नाही, बोटं परत उगवत नाहीत," हे त्याचं वाक्य मुलं त्याच्याच आवाजात म्हणून दाखवत.

त्याला पथकात आणलं होतं साडूनं. हा थोरल्या मेव्हणीचा नवरा, शाळेतून निवृत्त झालेला लेखनिक आणि आता पथकाच्या समितीचा अध्यक्ष. दोघांचं इतकं जमायचं की सख्ख्या बहिणी बाजूला पडायच्या.

गेल्या शिबिरात टेकडी उतरताना सुताराच्या गुडघ्यानं दगा दिला. मुलं पुढे निघून गेली होती, मागे फक्त साडू होता. दगडावर टेकत सुतार म्हणाला, "वर्षभर असंच चाललंय. जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पण कोणाला सांगू नका. अजून दोन-तीन वर्षं रेटीन मी."

"मी कशाला सांगतोय? माझ्या पोटात राहील," साडू म्हणाला आणि त्याची पिशवी त्यानं आपल्या खांद्यावर घेतली.

पुढे समितीनं त्याचा सत्कार करायचं ठरवलं तेव्हा सुतार मनातून सुखावला. बायकोनं त्याला नवा शर्ट शिवायला लावला. रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलं. त्यानं शिकवलेली पोरं आता आपापली पोरं घेऊन आली होती. साडू माईकवर छान बोलला. मग म्हणाला, "वर्षभर आमचे गाठीकाका गुडघ्यानं बेजार आहेत. जिना चढवत नाही, पण ब्र काढत नाहीत. आता त्यांनी स्वतःहून निवृत्ती मागितली आहे. समितीनं ती जड मनानं दिली."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सुताराची कानशिलं तापली. समोर जुनी पोरं डोळे पुसत होती. त्यांच्यादेखत अध्यक्षाला खोटं पाडायला त्याची जीभ रेटेना. "आभारी आहे," एवढंच म्हणून तो निघाला, तर मंचाच्या तीन पायऱ्या उतरताना दोघं त्याला धरायला धावले.

खुर्च्या उचलल्या जात असताना त्यानं साडूला मागच्या खोलीत गाठलं.

"मी कधी मागितली निवृत्ती?"

"पालकांची कुरकुर चालली होती," साडू खाली बघत म्हणाला. "चाकू नको, जाळ नको. समिती तुम्हाला काढणारच होती. म्हटलं, निदान मानानं जाल. कारण तर काहीतरी द्यायला हवं."

"म्हणून माझा गुडघा दिलात."

"तुमच्या भल्यासाठीच केलं."

"विचारलं असतंत तर मी आपण होऊन सोडलं असतं. विचारायचं सुचलं नाही तुम्हाला."

साडू माईकची वायर गुंडाळत राहिला.

घरी आल्यावर सुतारानं बायकोला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"ताई बोलली होती, आठ दिवसांपूर्वी," ती म्हणाली. "तुम्ही शर्टाचं माप द्यायला इतक्या खुशीत गेलात, मला सांगवलं नाही." पुढचे चार दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

त्यानं समितीला पत्र लिहिलं: 'मी निवृत्ती मागितली नव्हती. इतिवृत्तात तशी दुरुस्ती करावी.' पत्र वाचलं गेलं आणि दप्तरी दाखल झालं. दुरुस्ती झाली नाही.

साडूचं येणं-जाणं तुटलं नाही, बहिणींच्या घरांत ते तुटणार तरी कसं? तो यायचा, चहा व्हायचा, पाण्याच्या नळापासून निवडणुकीपर्यंत गप्पा व्हायच्या. पण सुतारानं त्याला मनातलं असं काही पुन्हा सांगितलं नाही. दोन वर्षांनी सुताराच्या मुलीचं लग्न ठरलं. एरवी साडूला विचारल्याशिवाय त्यानं मुलाकडच्यांना होकारही कळवला नसता. या वेळी साडूच्या हातात टपालानं छापील पत्रिकाच पडली, इतर पाहुण्यांच्या हातात पडली तशी.